ऐकू आलं नाही तर दाबू नका

४ तारीख, सोमवार

...आणि मी रेडिओला तेच सांगत होतो, की बाबा, पुरुषांना हे कोणी शिकवतच नाही. गाडी चालवायला लायसन्स लागतं, आणि इथे सगळा अंदाजपंचे कारभार. तो फोनवर हसत सुटला. रेडिओ म्हणजे माझा कॉलेजचा मित्र. एकदा सुरू झाला की बंद होत नाही, म्हणून हे नाव. आता त्याचा खरोखरच कार्यक्रम आहे, इंटरनेटवर. लोक भांडी घासताना ऐकतात म्हणे. म्हणाला, "एवढा अभ्यास केलायस ना, मग ये माझ्याकडे. विषय, बाईचं सुख. अर्धा तास बोल. सगळे बाप्ये कान टवकारून ऐकतील."

मी हो म्हणून बसलो. रविवारी चोवीसला रेकॉर्डिंग.

तयारी म्हणून हे लिहायला घेतलं, आणि मुद्दाम आपल्या भाषेत. माझी शाळा सगळी इंग्रजीत झाली. त्यामुळे इंग्रजीत मी ऑरगॅझम हा शब्द कँटीनमध्येसुद्धा मोठ्याने म्हणू शकतो, ब्लड प्रेशर म्हटल्यासारखा. आपल्या भाषेत लिहायला लागलो की मान वळवून बघतो, मागे आई तर उभी नाही ना. आई दुसऱ्या गावात राहते, तरी.

आता माझा यातला अधिकार काय? लग्नाला आठ महिने झालेत आणि बायको खूश आहे. हसू नका. मी नुसतं गृहीत धरत नाही, दर वेळी विचारतो, "झालं ना?" ती म्हणते, "हो." बहुतेक नवरे विचारतही नाहीत, असं वाचलंय.

संध्याकाळी तिला रेकॉर्डिंगचं सांगितलं.

"आपल्याबद्दल बोलणार?" तिने विचारलं.

"नाव नाही गं घेणार. फक्त एवढंच की माझ्या स्वतःच्या अनुभवावरून..."

ती उठून पाणी प्यायली. सबंध ग्लास. मग म्हणाली, "कर की."

एवढी मोकळी बायको किती जणांना मिळते!

७ तारीख, गुरुवार

आज बसमध्ये वाचता वाचता उडालोच. क्लिटोरिस, म्हणजे आपल्याकडे शिश्निका म्हणतात (हा शब्द मी आजवर कोणाच्याही तोंडून ऐकलेला नाही), तर बाहेरून वाटाण्याएवढं दिसतं ते नुसतं टोक! बाकी सगळा अवयव आत आहे, दोन्ही बाजूंना पाय फाकून बसलेला. अगदी कानासारखं! मी कानाचा माणूस, कान तपासायच्या सेंटरमध्ये नोकरीला. तिथे रोज लोकांना सांगतो, डोक्याच्या बाजूला दिसतो तो फक्त दरवाजा. ऐकायचं खरं काम आत, गोगलगायीसारख्या एका वेटोळ्यात चालतं.

संध्याकाळी अपॉइंटमेंट कार्डाच्या मागे चित्र काढून बायकोला दाखवलं. ती चहा पीत होती.

"हे काय, बेडूक?"

"अगं, हे तुझ्यात आहे!"

"बरं झालं सांगितलंस," ती म्हणाली. "शास्त्रज्ञ, बाजूला घे ते, चहा सांडेल."

शास्त्रज्ञ हे तिने मला ठेवलेलं नाव. प्रेमाने म्हणते.

अजून एक वाचलं. नुसत्या संभोगाने बहुतेक बायका तिथवर पोचतच नाहीत. एकामागोमाग एक अभ्यास हेच सांगतात. वाचून मला बायकोचं कौतुक वाटलं. आमच्याकडे दर वेळी होतं, म्हणजे ती अपवाद आहे.

१० तारीख, रविवार

दुपारी निवांत होतो. पडदे ओढले, फोन बंद. या आठवड्यात वाचलेलं सगळं करून बघितलं, एकही गोष्ट सोडली नाही. नंतर म्हटलं, रेकॉर्डिंगसाठी काहीतरी ठोस हवं, म्हणून विचारलं, "दहापैकी किती?"

ती छताकडे बघत होती. "नऊ."

नऊ! शाळेत मला गणितात कधी एवढे पडले नाहीत.

"एक कुठे गेला?"

"कोपऱ्यात जाळी लागलीय," ती म्हणाली.

मी लगेच उठलो, केरसुणी आणून ती काढली. परत येऊन बघतो तर ती कपडे घालून मशीन लावायला गेलेली. ही हुशार बाई एक मिनिट वाया घालवत नाही.

१३ तारीख, बुधवार

आज सेंटरवर मजा झाली. लिहून ठेवतो, रेडिओला सांगायला बरी पडेल.

एक काकू आल्या होत्या, ब्लाउज शिवतात, बोटाला अजून शिवणाचं टोपण होतं. बरोबर नवरा, रिटायर्ड हेडमास्तर. ऐकू कमी येतं का बघायचं होतं. आमची पद्धत अशी: पेशंट काचेच्या खोलीत, कानाला हेडफोन, हातात बटण. बाहेरून मी बारीक बारीक आवाज सोडतो, टीं, टीं. आवाज आला की बटण दाबायचं, इकडे माझा दिवा लागतो. सुरुवातीला प्रत्येकाला मी तेच वाक्य सांगतो: "ऐकू आलं तरच दाबा. ऐकू आलं नाही तर दाबू नका. तेही बरोबरच उत्तर आहे."

काकूंचा रिपोर्ट इतका झकास येत होता की मला शंका आली. आमच्या मोठ्या मॅडमनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, पेशंट खोटं बोलत नाही, तो तुमचा चेहरा वाचतो. तुम्ही आशेने बघितलंत की तो दाबतो. म्हणून चेहरा बंद ठेवायचा आणि मधेच आवाज न सोडता नुसतं थांबायचं. तर मी थांबलो. आवाज शून्य. दिवा लागला! परत थांबलो, परत लागला. मागे वळून बघतो तर हेडमास्तर माझ्या खुर्चीमागे उभे, मान डोलावून "येतंय, येतंय" करतायत, आणि काकू काचेतून त्यांच्याकडे बघून बटण दाबतायत.

मी दार उघडून विचारलं, "काकू, आवाज येत होता का खरंच?"

त्या लाजल्या. "नाही हो. पण ते एवढे खूश होत होते ना."

घरी येऊन बायकोला सांगितलं, ॲक्टिंगसकट. वाटलं होतं लोळेल हसून. ती हसली नाही.

"मग तू त्यांना ओरडलास?"

"छे! त्यांची काय चूक? हेडमास्तरांनाच परवा बाहेर बसवणार आणि काकूंना परत तपासणार."

"आणि त्यांचा नवरा? तो चिडला?"

"आता मला काय माहीत. परवा कळेल."

"कळलं की सांग," ती म्हणाली. माझ्या पेशंटमध्ये तिला कधी एवढा रस नव्हता. दातांच्या लॅबमध्ये काम करते, तिला तिचीच कामं पुरतात.

१५ तारीख, शुक्रवार

हेडमास्तर बाहेर, काकू आत. डाव्या कानाला जवळजवळ काहीच नाही. उजव्याला निम्मं.

हेडमास्तरांना सांगितलं तर ते बाकावर बसूनच राहिले. मग काकूंना म्हणाले, "म्हणजे सकाळी मी पेपर वाचून दाखवतो ते?"

"तुमचे ओठ हलताना बघते ना," काकू म्हणाल्या. "तुम्ही हसलात की हसते."

"मी काय राक्षस आहे का? सांगायला काय झालं होतं?"

काकू पर्सची चेन उघडझाप करत राहिल्या. कानाच्या मशीनची ऑर्डर दिलीय, दहा दिवसांनी येतील.

बायकोने दारातच विचारलं, "काय झालं?" सगळं सांगितलं.

"म्हणजे चिडलाच."

"चिडला म्हणजे, वाईट वाटणारच ना गं. इतकी वर्षं फसवलं म्हटल्यावर."

"फसवलं," ती म्हणाली. एवढंच. मग डोकं दुखतंय म्हणून पडून राहिली. मला वाटतं लॅबमध्ये तो पावडरचा वास असतो, त्याने होतं.

१९ तारीख, मंगळवार

बायको रोज जेवून लगेच झोपते. धुण्याच्या मशीनचा पाइप गळतोय, तो बांधला. भाषण पाठ होत आलंय.

२३ तारीख, शनिवार

हे कसं लिहू. जसं झालं तसं लिहितो.

दुपारी म्हटलं, एकदा तुझ्यासमोर म्हणून दाखवतो. ती पलंगावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मी खुर्ची ओढून बसलो, घसा साफ केला, सुरू झालो. शिश्निकेपर्यंत छान गेलं. मग आलं, "मी माझ्या पत्नीला दर वेळी विचारतो, आणि मला सांगायला अभिमान वाटतो की दर वेळी..."

"थांब."

"का? जास्त टेक्निकल होतंय?"

"हे उद्या बोलू नकोस."

"अगं नाव घेतलं का मी तुझं?"

"नावाचं नाही रे. ते खरं नाहीये."

मी हसलो. खरंच हसलो. म्हटलं, "बरं, दर वेळी नको. बहुतेक वेळा म्हणू?"

तिने चादरीची घडी घातली. मोडली. परत घातली. "एकदाही नाही," म्हणाली.

बाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, होत नव्हती. तो आवाज अजून कानात आहे.

"पण तू हो म्हणायचीस!"

"तू विचारायचास तसा. 'झालं ना?' त्यात नाही म्हणायला जागा कुठे असते? आणि तेव्हाचं तोंड बघितलंयस का स्वतःचं? रिझल्टच्या दिवशी शाळेबाहेर उभ्या असलेल्या पोरासारखं."

"म्हणून खोटं?"

"पहिल्यांदा कीव आली तुझी. एवढं वाचून आला होतास. दुसऱ्यांदा झोप आली होती. मग एकदा हो म्हटल्यावर नाही कसं म्हणू? मागचं सगळंच खोटं ठरतं. आणि आता तू ते गावाला ऐकवणार."

"मला एकदाही कळलं नाही."

"दिवसभर मी काय करते? खोटे दात खरे वाटतील असे बनवते. शेजारच्या दातालासुद्धा कळत नाही." तिला स्वतःलाच हसू फुटलं. मग ते हसू रडण्यात गेलं. उशीचा अभ्रा तोंडाला लावून रडली.

मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. मी काय केलं, तर म्हटलं, "कदाचित तुला होतच नसेल. काही बायकांना नाही होत, मी वाचलंय."

तिने अभ्रा खाली घेतला. "मला माहितीय ते काय असतं."

"कसं काय?"

"एकटीने. तू यायच्या कितीतरी आधीपासून."

मी चपला घालून बसस्टॉपपर्यंत गेलो. तीन बसेस सोडल्या. मला कुठे जायचंच नव्हतं.

२४ तारीख, रविवार

रेडिओला कळवलं, घसा बसलाय. "मग वहिनींना पाठव," म्हणाला, "त्याच सांगतील काय ते." मी फोन ठेवला.

राग आलाय. खोटं का लिहू, खूप राग आलाय. आठ महिने मी देणारा होतो. तिला काहीतरी देतोय, या थाटात होतो. आणि तिच्याकडे ते होतंच. मी येण्याआधी होतं, मी सेंटरवर असतानाही असेल. मग मी कोण? जाळी काढणारा?

आजचं हे वरचं परत वाचलं. सगळं 'मी, मी'च आहे. तिचं रडणं त्यात एका ओळीचंही नाही.

२६ तारीख, मंगळवार

काकू आणि हेडमास्तर आले, मशीन बसवायला. यात मी कॉम्प्युटरवरून आवाज कमीजास्त करतो आणि पेशंट सांगतो, बरं वाटतंय का, टोचतोय का. हेडमास्तर समोरच्या खुर्चीत.

"आता येतंय ना?" ते सवयीने म्हणाले. काकू सवयीने म्हणाल्या, "हो."

मग हेडमास्तरांनी कपाळावर हात मारला. "नाही नाही. मी परत तेच केलं. तू सांग. नसेल येत तर नाही म्हण. मी काही उठून जात नाही."

काकूंनी आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "थोडं खरखरतंय," म्हणाल्या. अगदी हळू. मी आवाज बदलला. "आता पत्र्यावर पडल्यासारखं येतंय." परत बदलला. "हा बरा. नाही, मघाचा बरा होता." बाई सुटल्याच! सगळी सकाळ गेली. हेडमास्तर मात्र हातावर हनुवटी ठेवून ऐकत बसले होते, जसं काही काकू बातम्या सांगतायत.

त्यांच्यानंतर एक ट्रकड्रायव्हर होता. त्याला काचेच्या खोलीत बसवलं आणि माझं रोजचं वाक्य सुरू केलं, "ऐकू आलं नाही तर दाबू नका. तेही..." पुढे शब्दच येईनात. तो म्हणाला, "काय झालं साहेब?" म्हटलं, "काही नाही, तेही बरोबरच उत्तर आहे."

रोज दहा-बारा परक्या लोकांना हे सांगतो मी. घरी आठ महिन्यांत एकदा नाही सांगितलं.

संध्याकाळी बायको भांडी विसळत होती, तिच्या शेजारी फडकं घेऊन उभा राहिलो. म्हटलं, "तू फसवलं नाहीस. मी मान डोलावत उभा होतो."

तिने नळ बंद केला. हातातला कप माझ्या फडक्यात ठेवला. मग म्हणाली, "खरं सांगू? ऐकवेल?"

"चेहरा बंद ठेवतो."

"चेहरा बंद नको ठेवू रे, भीती वाटते. नुसतं ऐक." आणि मग तीही सुटली, काकूंसारखी. म्हणे मी घाई करतो. वाचलेलं सगळं एकाच दिवशी, नवीन रिमोट हातात आल्यासारखा. "आणि एखादी गोष्ट बरी वाटायला लागली रे लागली की तू ती बदलतोस!"

"मला वाटतं, आता पुढचं काहीतरी करावं."

"पुढचं काही नसतं. तेच असतं. तेच, तसंच, न थांबता." एवढं बोलून ती लाल झाली, पण थांबली नाही. "डोक्यात लॅबचं काम फिरत असेल तर काही होत नाही. आणि दर वेळी मला कुठे पोचायचंच असतं असंही नाही. कधी नुसतं खिडकीत बसून बाहेर बघायचं असतं. तू मात्र शेवटच्या स्टॉपची घोषणा ऐकायला बसलेला."

"मग विचारायचंच नाही?"

"विचार ना. पण नंतर नको. मध्ये विचार, हे बरं की ते. आणि मी 'माहीत नाही' म्हटलं तर तोंड पाडू नकोस."

"पडलंय का आत्ता?"

"पडलंय," ती म्हणाली, "पण बरं दिसतंय."

१ तारीख, रविवार

काही नाही. म्हणजे 'काही नाही' हे ठरवून. दोघं पडून तिच्या लॅबमधल्या एका कस्टमरची गोष्ट ऐकत होतो, ज्याला म्हाताऱ्या दाताला शोभेल असा पिवळा दात हवा होता. मी हसलो, खरंच हसू आलं म्हणून. तिने माझ्याकडे नीट निरखून बघितलं, आणि मग तीही हसली.

८ तारीख, रविवार

मध्येच म्हणाली, "आज नाही होणार, थांबू या." आणि थांबलो. मला वाटलं होतं वाईट वाटेल. वाटलं, पण थोडंच. त्याहून जास्त वाटलं ते वेगळंच होतं: तिने बटण दाबलं नाही. पहिल्यांदाच तिने खरं उत्तर दिलं.

१५ तारीख, रविवार

रेडिओचा परत फोन. घसा सुटला का, विचारत होता. म्हटलं, बोलायला येणार नाही, पण एखाद्या बाईला बोलाव आणि तू गप्प बस. तो म्हणाला, "मी? गप्प?" दोघांनाही ते शक्य वाटलं नाही.

आज दुपारी. सगळं नाही लिहिणार, ते तिचंही आहे. एवढंच की तिने माझा हात धरून नेला आणि म्हणाली, "इथे. हळू. आता बदलू नकोस." मी बदललं नाही. मनगट दुखायला लागलं तरी नाही. मी विचारलं, "हे बरं?" ती म्हणाली, "बोलू नकोस." तेही उत्तरच.

मग पुढे कधीतरी तिने श्वास धरून ठेवला. तिच्या पायाचा अंगठा माझ्या पोटरीत रुतला. आणि ती हसली, काहीही विनोद झालेला नसताना, मी तिच्याकडून कधीच न ऐकलेलं हसू. नंतर हात माझ्या छातीवर टाकून तशीच पडून राहिली. मशीन लावायला उठली नाही.

कोपऱ्यात परत जाळी लागलीय. आज ती मला दिसली. बायकोचे डोळे मिटलेले होते.

आता ती बाथरूममध्ये काहीतरी गुणगुणतेय, सूर सगळे चुकीचे. कानाचा माणूस आहे, मला कळतं. आणि मी इथे पेन घेऊन बसलोय. 'झालं ना' हे दोन शब्द जिभेच्या अगदी टोकावर येऊन उभे आहेत. ते नाही विचारलं तर मला कधीच नक्की कळणार नाही. विचारलं तर ती आता खरंच सांगेल, एवढा भरवसा आहे. पण मग मी परत काचेबाहेर मान डोलावत उभा राहिलो असं होईल का? की दोघांनी मिळून ऐकलेल्या आवाजाबद्दल बोलण्यासारखं असेल?

तुम्ही माझ्या जागी असतात तर विचारलं असतंत?